एक कुळ, दोन रंगभूमी : नायकाचा दोष आणि पतनाची अटळता

बंगळूरच्या मल्लेश्वरम या वस्तीला तिचे नाव तेथील काडु मल्लेश्वराच्या देवळावरून मिळाले आहे. ‘काडु’ म्हणजे कन्नडमध्ये रान. आज दाट वस्तीत असलेले हे देऊळ एके काळी रानात, मल्लपूर नावाच्या खेड्याजवळ होते. १८९८ च्या प्लेगनंतर बंगळूरचे लोक जुनी पेठ सोडून मोकळ्या जागी राहू लागले आणि नियोजित वसाहत म्हणून मल्लेश्वरम वाढले. पण देवळातील शिलालेख त्यापूर्वी सव्वादोनशे वर्षांचा आहे. १६६९ च्या या लेखात मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दान दिल्याची नोंद आहे. दान देणारा आहे एकोजी भोसले, म्हणजेच व्यंकोजीराजे, शहाजीराजांचा मुलगा आणि छत्रपती शिवाजी महाराजांचा सावत्र भाऊ.

मराठी शोकांतिकेच्या विचारात या लेखाचे स्थान काय, असा प्रश्न साहजिक आहे. दानलेख हा सत्ताधाऱ्याने स्वतःविषयी केलेल्या विधानाचा सर्वांत टिकाऊ प्रकार होय. त्यात दात्याचे नाव असते, दिलेल्या भूमीची सीमा असते, दान मोडणाऱ्याला भय घातलेले असते. दात्याचा दोष मात्र नसतो. याच कुळाच्या दुसऱ्या शाखेला पुढे बखरकार मिळाले आणि बखरींत दोष भरपूर आले. त्या दोषांवर मराठी रंगभूमीने आपली काही महत्त्वाची शोकनाट्ये उभारली. शोकांतिकेतील नायकाचा दोष हा त्याच्या स्वभावात असतो की त्याच्याविषयी लिहिणाऱ्याच्या लेखणीत, हा प्रश्न भोसले कुळाच्या नाट्यरूपांतून जितका स्पष्ट दिसतो तितका मराठीत अन्यत्र क्वचितच दिसतो.

१६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. १६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला आणि कर्नाटकातील दौलत एकोजीकडे आली. मल्लेश्वरमचा लेख त्यानंतर पाच वर्षांचा आहे. पुढे एकोजीने तंजावर घेतले आणि तेथे भोसल्यांची स्वतंत्र गादी स्थापन झाली. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर आले तेव्हा वडिलांच्या दौलतीच्या वाटणीवरून दोघा भावांत वाद झाला. भेट फिसकटली, एकोजी रातोरात निघून गेला, पुढे त्याने महाराजांच्या फौजेवर चाल केली आणि पराभव पत्करला. नंतरच्या तहात बंगळूरचा प्रांत एकोजीची पत्नी दीपाबाई हिच्याकडे ठेवण्यात आला. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर जिंकले आणि लगोलग ते म्हैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयरांकडे गेले. एका पित्याची दौलत, दोन भाऊ, एक अपमान आणि एक उशिरा झालेला समेट, एवढी सामग्री ग्रीक नाटककाराला पुरेशी वाटली असती. तंजावरच्या भोसल्यांनी मात्र तिचे नाटक केले नाही.

त्यांनी नाटके केली नाहीत असे मात्र नव्हे. एकोजीचा मुलगा शहाजी १६८४ मध्ये गादीवर आला. तो स्वतः नाटककार होता. तेलुगूतील ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ त्याच्या नावावर आहे आणि ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्याचे नाटक मराठीतील उपलब्ध नाटकांत अगदी आरंभीचे मानले जाते. सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी तमिळ मुलखात, तेलुगू यक्षगानाच्या सावलीत, मराठी नाटक लिहिले जात होते, ही गोष्ट महाराष्ट्राला विसाव्या शतकात नीट कळली. ‘कल्याण’ या शब्दातच या नाटकांचा शेवट सांगितलेला आहे. कल्याण म्हणजे विवाह. देव आणि देवी, नायक आणि नायिका यांची ताटातूट होते, गैरसमज होतात, मध्यस्थ धावपळ करतात आणि शेवटी मंगल होते.

यामागे शास्त्राचा दंडक आहे, हे खरे. धनंजयाच्या ‘दशरूपका’ने मुख्य नायकाचा वध नाटकात आणू नये असे बजावले आहे. संस्कृत नाट्यपरंपरा एकंदरीत हा निर्बंध पाळत आली. १९१२ मध्ये गणपतिशास्त्री यांनी भासाच्या नावाने प्रसिद्ध केलेल्या नाटकांत ‘ऊरुभंग’ निघाले आणि त्यात दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो हे पाहून अभ्यासक चकित झाले. निर्बंध किती दृढ होता हे त्या आश्चर्यावरूनच कळते. परंतु तंजावरच्या बाबतीत शास्त्राच्या जोडीला आणखी एक कारण संभवते. तेथे राजा हाच नाटककार होता. ज्याच्या हाती लेखणी आणि गादी दोन्ही आहेत, तो आपल्या कुळाचे पतन कशासाठी लिहील? शोकांतिकेसाठी नायक आणि लेखक यांच्यात अंतर लागते, आणि ते अंतर तंजावरच्या दरबारात नव्हते.

हे अंतर पुण्यामुंबईच्या रंगभूमीला एकोणिसाव्या शतकात लाभले. राज्य गेले होते, बखरी छापल्या जात होत्या आणि महाविद्यालयांतून शेक्सपिअर शिकवला जात होता. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा मराठी शोकांतिका जन्मली. तिला पहिला प्रश्न पडला तो शब्दाचा. अॅरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात शोकांतिकेच्या नायकाविषयी सांगितले आहे की तो सर्वगुणसंपन्न नसावा आणि दुष्टही नसावा, त्याचा पाडाव व्हावा तो दुर्गुणामुळे नव्हे, तर ‘हमार्तिया’मुळे. या ग्रीक शब्दाच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. धनुर्धर बाण सोडतो, पण तो लक्ष्यावर लागत नाही. येथे धनुर्धर वाईट आहे असा अर्थ नाही. पुढे युरोपीय समीक्षेने, विशेषतः शेक्सपिअरच्या अभ्यासाने, या चुकीला स्वभावदोषाचे रूप दिले. ए. सी. ब्रॅडले यांनी १९०४ च्या आपल्या ग्रंथात शेक्सपिअरच्या नायकांचे जे विवेचन केले, त्यात एकाच ओढीशी सारे व्यक्तिमत्त्व जखडून जाण्याच्या वृत्तीवर भर आहे. मात्र ही वृत्तीच नायकाचे मोठेपणही असते, हे ब्रॅडले विसरत नाहीत.

मराठीत या कल्पनेला एकच प्रतिशब्द मिळाला नाही. दोष, चूक, प्रमाद, विकार, व्यसन असे अनेक शब्द वापरले गेले आणि प्रत्येकाबरोबर शोकांतिकेचा अर्थ थोडा थोडा बदलत गेला. चूक ही एका क्षणाची असते, दोष स्वभावात असतो, विकार मनाला ग्रासतो आणि व्यसन माणूस स्वतःला लावून घेतो. यांपैकी शेवटच्या शब्दात नीतीचा निवाडा आधीच दिलेला असतो. विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये ‘अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ मराठीत आणले. त्यामुळे ही चर्चा पुष्कळशी नेमकी झाली. परंतु तोवर मराठी शोकांतिकेचे पहिले शतक जवळजवळ संपत आले होते.

या शतकाचा आरंभ विनायक जनार्दन कीर्तने यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या १८६१ च्या नाटकाने होतो. मराठीतील ही पहिली स्वतंत्र शोकांतिका, असे तिचे स्थान मानले गेले आहे. माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे क्षयाने निवर्तले आणि रमाबाई सती गेल्या. हा शेवट रंगभूमीवर आणून कीर्तन्यांनी शास्त्राचा दंडक मोडला, हे त्यांचे धाडस. पण त्यांचा नायक पडतो तो रोगामुळे. त्याच्या स्वभावातील कोणत्याही गोष्टीचा मृत्यूशी अपरिहार्य संबंध जोडता येत नाही. प्रेक्षक हळहळतात, एका कर्त्या पुरुषाचे आयुष्य अकाली संपले याचे दुःख त्यांना होते. ते असे का झाले, हा प्रश्न मात्र नाटक विचारत नाही. शेवट शोकाचा आहे, पण शोकाला नायकाच्या कृतीचे कारण नाही. पुढे मराठी समीक्षकांनी ‘शोकांत’ आणि ‘शोकात्म’ असा भेद करायला सुरुवात केली, तो नेमका अशा नाटकांचा विचार करताना उपयोगी पडतो.

कारणाचा हा दुवा शेक्सपिअरच्या भाषांतरांनी पुरवला. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ १८६७ चे, गोपाळ गणेश आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ चे, गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंजारराव’ १८९० चे. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात असताना ‘हॅम्लेट’चे भाषांतर हाती घेतले आणि त्याला जे नाव दिले ते मननीय आहे. मूळ नाटकाला नायकाचे नाव आहे. आगरकरांनी त्याऐवजी मनोविकारांच्या खेळाला शीर्षकात स्थान दिले. विवेकवादी आगरकरांना राजपुत्राच्या नशिबापेक्षा मनाच्या यंत्रणेत रस असावा, हे त्यांच्या एकूण विचाराशी जुळणारे आहे. पतन बाहेरून येत नाही, आतल्या आत तयार होते, ही जाणीव मराठी नाटकात आली ती अशा वाटेने.

राम गणेश गडकऱ्यांच्या हाती ही जाणीव पोचली तेव्हा तिला ‘व्यसन’ हा शब्द येऊन चिकटला होता. ‘एकच प्याला’ १९१९ च्या फेब्रुवारीत, गडकऱ्यांच्या निधनानंतर महिनाभराच्या आत, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. मद्यपानाच्या विरोधातील नाटक म्हणून त्याची ख्याती झाली आणि पिढ्यान् पिढ्या ते तसेच पाहिले गेले. पण सुधाकराचे पतन प्याल्याने सुरू होत नाही. तो बुद्धिमान, स्वबळावर वर आलेला, अतिशय मानी वकील आहे. भर कोर्टात झालेला अपमान त्याला सोसवत नाही, तो उलट बोलतो, त्याची सनद काही काळ रद्द होते आणि त्या जळजळीवर तळीराम प्याला पुढे करतो. पुढे एकदा तो निश्चयाने दारू सोडतो आणि काम मागायला समाजात परत येतो. तेथे त्याला पुन्हा अवहेलना भेटते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दोन्ही वेळा दार उघडते ते मानीपणामुळे. ज्या गुणाने तो गरिबीतून वर आला त्याच गुणाने तो खाली गेला. प्याला हे पतनाचे साधन आहे, कारण नव्हे. पहिल्या प्याल्यानंतर सुटका नाही, हा नाटकातील युक्तिवाद ज्यांना अटळतेचा सिद्धांत वाटतो त्यांनी या दोन प्रसंगांची जुळणी पाहावी. तेथे अटळता द्रव्यात नाही, स्वभाव आणि परिस्थिती यांच्या गाठीत आहे.

गडकऱ्यांनी हीच समस्या भोसले कुळाच्या इतिहासात नेली ती ‘राजसंन्यासा’त. त्यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे झाले तेव्हा हे नाटक अपुरे होते. ते १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. संभाजी महाराज तुळशीच्या मोहात गुंतलेले आहेत, राज्याकडे दुर्लक्ष होत आहे, आणि अखेर कैदेत, मृत्यूच्या सावलीत, त्यांना राजपद म्हणजे काय याचे भान येते, असा त्या नाटकाचा घाट आहे. आरंभीचे आणि अखेरचे प्रवेश लिहिले गेले, मधली साखळी तुटक राहिली. ही त्रुटी केवळ अपूर्णतेची नाही. शोकांतिकेत अटळता सिद्ध होते ती मधल्या अंकांत. एका कृतीतून दुसरी कृती कशी निघते, परतीची वाट केव्हा बंद होते, हे तेथे दाखवावे लागते. ‘राजसंन्यासा’त दोष आहे आणि पतन आहे, त्या दोहोंना सांधणारी आवश्यकता लिहून व्हायची राहिली. वाचकाला ती गृहीत धरावी लागते आणि वाचक ती गृहीत धरतो, कारण संभाजी महाराजांच्या व्यसनाधीनतेची कथा त्याने आधीच ऐकलेली असते.

ही कथा आली कोठून? तिचा एक मुख्य उगम मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीत आहे. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे संभाजी महाराजांच्या १६८९ मधील मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी सिद्ध झाली. बखरकार ज्या घराण्याचा वंशज, त्या घराण्यातील बाळाजी आवजी चिटणीस यांना १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून संभाजी महाराजांनी देहान्त शिक्षा दिली होती. एका घराण्याचे दुःख आणि एका राजाचा दोष अशा रीतीने एका लेखणीत एकत्र आले. बखरकाराने हेतुपुरस्सर खोटे लिहिले असे म्हणण्याची गरज नाही. घराण्यात जपलेली आठवण शंभर वर्षांत स्वभावचित्र बनते, हे सर्वत्र घडते. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेले संभाजीचरित्र आणि कमल गोखले यांचे १९७१ मधील ‘शिवपुत्र संभाजी’ यांनी समकालीन कागदपत्रांच्या आधारे हे चित्र तपासले. औरंगजेबासारख्या शत्रूशी सुमारे आठ वर्षे झुंजणारा, संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा आणि मरणाला न डगमगता सामोरा जाणारा राजा त्या शोधातून पुढे आला. बखरीतील बदफैली तरुण आणि हा राजा एकाच माणसात बसवणे अवघड होते.

पराभूताला दोष लावणारी लेखणी ही काही महाराष्ट्रापुरती गोष्ट नाही. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला आणि गादी ट्यूडर घराण्याकडे गेली. त्या घराण्याच्या काळात लिहिल्या गेलेल्या इतिहासांनी रिचर्डला देहाने आणि मनाने वाकडा केला, आणि शेक्सपिअरने त्या इतिहासांतून आपला खलनायक उभा केला. २०१२ मध्ये लेस्टर येथे रिचर्डचा सांगाडा सापडला, तेव्हा पाठीचा कणा बाकदार असल्याचे दिसले. नाटकातील वाळलेल्या हाताचा मात्र पुरावा मिळाला नाही. देहाच्या बाबतीत हाडे साक्ष देतात. स्वभावाच्या बाबतीत अशी साक्ष मिळत नाही. याच्या उलट उदाहरण एस्किलसचे. त्याने ‘पर्शियन्स’ हे नाटक इसवी सन पूर्व ४७२ मध्ये, सालामिसच्या विजयानंतर आठ वर्षांनी रचले. त्यात झर्क्सिसच्या उद्दामपणाचा दोष आहे, पण शोकही त्याच्याच दरबाराचा आहे. विजेत्यांच्या कवीने शत्रूला दोष दिला आणि त्याबरोबर शोकाचा अधिकारही दिला.

या नाटकाचा उल्लेख येथे करण्याला आणखी एक कारण आहे. ज्या बंगळूर-म्हैसूर भागात एकोजीचा शिलालेख आहे, त्याच भागात कन्नड साहित्याने विसाव्या शतकात शोकांतिकेचा जाणीवपूर्वक शोध घेतला. म्हैसूर आणि बंगळूर येथे इंग्रजीचे अध्यापन करणारे बी. एम. श्रीकंठय्य यांनी ‘पर्शियन्स’वरून १९३५ मध्ये ‘पारसिकरु’ हे नाटक सिद्ध केले. त्याआधी १९२६ मध्ये त्यांनी रन्न या प्राचीन कवीच्या ‘गदायुद्धा’ला नाट्यरूप दिले होते आणि १९२९ मध्ये सोफोक्लीजच्या ‘एजॅक्स’चा आधार घेऊन ‘अश्वत्थामन्’ लिहिले होते. त्यांची निवड लक्षणीय आहे. दुर्योधन आणि अश्वत्थामा हे दोघेही परंपरेने दोषी ठरवलेले. श्रीकंठय्यांनी दोष पुसला नाही. अश्वत्थाम्याने केलेला संहार नाटकात आहेच. पण त्या संहारामागे असलेला अपमान, पितृवधाचे दुःख आणि नंतरची लाज यांना त्यांनी मध्यभागी आणले, आणि परंपरेने चिरंजीव मानलेल्या या योद्ध्याला मृत्यू दिला. शिक्षा म्हणून अमर असलेल्या माणसाला नाटककाराने मरणाची सुटका द्यावी, यात शोकांतिकेविषयीची फार खोल समज आहे. कन्नडमध्ये शोकांतिकेला ‘रुद्रनाटक’ असाही शब्द रूढ झाला. त्यात शोकापेक्षा भयंकर भव्यतेवर भर आहे, आणि नायकाच्या नीतीचा निवाडा तर मुळीच नाही.

मराठीत भोसले कुळाच्या इतिहासाकडे अशा दृष्टीने पाहणारे नाटक आले ते वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’. ते १९६२ चे, म्हणजे बेंद्र्यांच्या चरित्रानंतर दोन वर्षांनी आलेले. संभाजी महाराज १६७८ च्या अखेरीस दिलेरखानाकडे गेले आणि वर्षभराने परत आले. शिवाजी महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर झाले तेव्हा थोरला मुलगा जवळ नव्हता. या काळातील घराची घुसमट कानेटकरांनी नाटकाचा विषय केली. येथे दोष एका माणसापाशी साचलेला नाही. पित्याने राज्य उभे करण्यासाठी जे गुण कमावले, ती सावधगिरी, तो संयम, ते अंतर, तेच गुण घरात मुलाला परके करतात. मुलाचा उतावळा, मानी, प्रेमाला भुकेलेला स्वभाव हाही दुर्गुण नाही. दुसऱ्या घरात तो कदाचित भूषण ठरला असता. सोयराबाईंना आपल्या मुलाचे भले हवे आहे आणि प्रधानांना राज्याचे. प्रत्येकाचा नेम आपापल्या परीने रास्त आहे, आणि प्रत्येकाचा बाण दुसऱ्यालाच लागतो. अॅरिस्टॉटलच्या मूळ शब्दाच्या इतक्या जवळ मराठी ऐतिहासिक नाटक क्वचितच आले असेल. डॉ. काशीनाथ घाणेकरांच्या संभाजीला प्रेक्षकांनी जे प्रेम दिले, त्यात अभिनयाचा वाटा मोठा होताच. परंतु व्यसनी राजपुत्राच्या जागी दुखावलेला मुलगा पाहायला मिळाला, याचाही वाटा होता.

‘राजसंन्यास’ ते ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हा प्रवास म्हणजे दोषाकडून निर्दोषतेकडे झालेला प्रवास आहे, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. २०१७ च्या जानेवारीत पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. ‘राजसंन्यासा’तील संभाजीचित्रणाचा राग, हे त्याचे कारण सांगितले गेले. गडकऱ्यांचे चित्रण दूषित साधनांवर आधारलेले होते, ही टीका इतिहासाच्या दृष्टीने योग्य आहे आणि ती व्हायलाच हवी. परंतु ती पुतळा पाडून होत नाही. त्या कृतीमागील गृहीतही तपासून पाहावे लागते. नायकाला दोष असणे म्हणजे नायकाची बदनामी, हे ते गृहीत होय. गंमत अशी की ज्या बखरीवर राग आहे, तिचेही गृहीत हेच आहे. बखर दोष दाखवून राजाला लहान करते. भक्त दोष नाकारून त्याला मोठे करू पाहतो. दोष आणि मोठेपण एकाच ठिकाणी नांदू शकतात, हे दोघांनाही मान्य नाही. शोकांतिकेचा तर सारा आधार याच मान्यतेवर आहे. निर्दोष नायकाला स्तुतिकाव्य मिळते, दानलेख मिळतो. शोकांतिका मिळत नाही. आणि केवळ दोषी माणसाचा पाडाव झाला तर त्यातून धडा मिळतो, शोक मिळत नाही.

अटळतेविषयीही असाच विवेक हवा. इतिहासात संभाजी महाराजांचा अंत अटळ होता, असे म्हणता येत नाही. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी मोगल सरदार मुकर्रबखान वेगाने येऊन पोचला. तो वाटेत अडला असता, महाराज एक दिवस आधी निघाले असते, तर पुढचे सारे बदलले असते. इतिहासाला अशा ‘जर-तर’चे वावडे नाही. नाटकाला आहे. प्रेक्षागृहात बसलेल्याला शेवट आधीच ठाऊक असतो, आणि नाटककार त्या शेवटापासून मागे येत येत अशी एक वाट शोधतो की जिच्यावर प्रत्येक पाऊल आवश्यक वाटावे. म्हणजे अटळता ही घटनेत नसते, ती रचनेत असते. म्हणूनच नाटककाराची जबाबदारी वाढते. रचनेच्या सोयीसाठी त्याला नायकात एक दोष लागतो आणि तो हाताशी असलेल्या साधनांतून उचलला जातो. साधने जर वैऱ्याची असतील, तर वैऱ्याचा आरोप नायकाचा स्वभाव होऊन बसतो, आणि रंगभूमीवरून तो लोकांच्या मनात इतका पक्का रुजतो की नंतर शेकडो कागद पुढे ठेवले तरी हलत नाही. संभाजी महाराजांच्या प्रतिमेला बखरीपेक्षा नाटकाने अधिक काळ जखडून ठेवले, असे म्हणण्यास जागा आहे.

याचा अर्थ नाटककाराने इतिहासकार व्हावे असा नाही. शेक्सपिअरचा रिचर्ड इतिहासाला धरून नाही म्हणून ते नाटक टाकाऊ ठरत नाही. पण ते नाटक ज्या ठिकाणी थोर आहे ते ठिकाण वाकड्या पाठीत नाही. लढाईच्या आदल्या रात्री रिचर्ड एकटाच स्वतःशी बोलतो आणि स्वतःलाच घाबरतो, तेथे ते थोर होते. तेथे इतिहासकाराने दिलेला दोष संपतो आणि नाटककाराने शोधलेला माणूस सुरू होतो. ‘राजसंन्यासा’तही अखेरच्या प्रवेशात असेच घडते. तेथे बोलणारा संभाजी बखरीतला नाही. राजपद हे भोगासाठी नसून त्यागासाठी असते, हे स्वतःच्या विनाशाच्या उजेडात ओळखणारा तो माणूस गडकऱ्यांचा आहे. साधन दूषित असूनही प्रतिभेने तेथपर्यंत झेप घेतली, आणि त्या झेपेमुळेच नाटक अपुरे असून टिकले. दोष उसना होता. भान स्वतःचे होते.

साहित्याच्या अभ्यासकाने म्हणून ऐतिहासिक शोकांतिका वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. नायकाचा दोष कोणता, हा पहिला. तो त्याला कोणी दिला, हा दुसरा. पहिला प्रश्न नाट्यशास्त्राचा आहे, दुसरा इतिहासाचा. पहिल्याच प्रश्नावर थांबणारा वाचक बखरीचा निवाडा स्वभावाचे सत्य म्हणून स्वीकारतो. दुसऱ्यावरच थांबणारा नाटक बाजूला ठेवून फक्त खटला चालवतो. दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारता आले तर भोसले कुळाच्या दोन्ही रंगभूमींचा अर्थ लागतो. तंजावरच्या राजाने आपल्या नाटकांत पतनाला जागा दिली नाही, कारण लेखणी त्याची होती. रायगडच्या राजाला पतनाखेरीज दुसरी भूमिका मिळाली नाही, कारण लेखणी इतरांची होती. दोन्हीकडे माणूस पुरता दिसत नाही. तो पुरता दिसावा यासाठी दोष मान्य करूनही मान खाली घालायला न लावणारी लेखणी हवी असते, आणि मराठी ऐतिहासिक नाटकात ती थोड्याच ठिकाणी सापडते.